उघाडीवर कोण आहे?

ताडगोळे आले. स्टेशनबाहेर पुलाच्या सावलीत टोपल्या लागल्या, वर ओलं फडकं, शेजारी सालांचा ढीग. मी डझनभर घेतले आणि घरी पोचेपर्यंत माझं तोंड वाकडं झालेलं होतं. ताडगोळ्यांचा त्यात काही दोष नाही. मे महिन्यात डोंबिवलीत जे यायचं ते सगळं वेळेवर येतं. गच्चीवर कुरडया येतात, शुक्रवारी वीज जाते, संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांच्या बाजूने औषधाच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा वास येतो. आणि त्या सगळ्याबरोबर माझा हेवाही येतो. पावसाळा नीट लागला की तो उतरतो, पण मे महिनाभर मी घरात सांभाळून घेण्यासारखी बाई नसते.

या गोष्टीतला पहिला मे महिना चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा. तेव्हा माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. गच्चीत कुरडया घालायला गेले आणि सांडलेल्या चिकावर घसरले. डॉक्टरसुद्धा आधी हसले आणि मग एक्स-रे बघितला. महिनाभर पाय लांब करून पलंगावर. घरातले सगळे येता-जाता "तू बस, उठू नकोस" म्हणायचे. बसून राहणाऱ्या माणसाला "बस" म्हणणं यासारखं संतापजनक दुसरं काही नाही.

चारू माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. डोंबिवलीशेजारच्या कोपर गावची. तिच्या घरच्यांच्या शेतावर तेव्हाच सात मजली इमारत उभी राहिली होती आणि तिची आजी, जिने उमेदीची वर्षं मिठागरात मीठ ओढण्यात काढली, ती त्या इमारतीच्या तळमजल्यावर पंख्याखाली बसून भाडेकरूंच्या पोरांना ओरडायची. चारू नुकतीच ठाण्याच्या एका ग्रुपमध्ये जायला लागलेली. कॉम्प्युटरवाली चार मुलं रविवारी टेबलाभोवती बसायची आणि एक खेळ खेळायची. एकजण सूत्रधार. तो सांगणार की तुमच्यासमोर दरी आहे, दरीत अजगर आहे. मग विचारणार, "आता काय करशील?" बाकीचे आपापलं पात्र घेऊन बोलणार आणि वागणार. जमतंय की नाही हे फाशांवर ठरणार. बस, एवढंच. मोठी माणसं तासन्‌तास हे करतात हे ऐकून मला हसू आलं होतं.

"आपण खेळू," चारू म्हणाली. "नाहीतरी तू रिकामीच आहेस."

"मला अजगर-बिजगर नको हं."

"अगं, आपल्याकडे कुठले अजगर. आपल्याकडे खाडी आहे."

मग दुपारी ऊन कलायच्या आत ती यायची. छत्री, घामाने चिकटलेला कुर्ता, पिशवीत ताडगोळे. पलंगावर माझ्या पायाशेजारी वर्तमानपत्र पसरायची. एकीकडे ताडगोळे सोलायचे, दुसरीकडे खेळ. फासे आमच्याकडे नव्हते, म्हणून तिने आजीच्या डब्यातले चिंचोके आणले होते. अर्धे फोडलेले, फरशीवर घासून गुळगुळीत केलेले, एक बाजू पांढरी, एक काळी. मुठीत खुळखुळवायचे आणि चादरीवर टाकायचे. पांढरे जास्त पडले तर जमलं. ताडगोळ्याच्या पाण्याने बोटं चिकट झालेली असायची आणि एखादा चिंचोका बोटाला चिकटूनच राहायचा. तो मोजायचा की नाही यावर आमचं भांडण व्हायचं.

गोष्ट तिने स्वतः रचली होती. गावाला नाव नव्हतं. खाडीकाठचं गाव, भातशेती, पलीकडे मिठागरं. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून लांबच लांब बांध, आणि त्या बांधात पाणी अडवायला-सोडायला फळ्यांचं दार. त्याला म्हणायचं उघाडी. गावातल्या गोड विहिरी खारट व्हायला लागल्यात. का, ते शोधायचं. शोधत शोधत मी, म्हणजे माझं पात्र, बांधावर पोचले तेव्हा तिथे मिणमिणता दिवा होता आणि उघाडीच्या कुजलेल्या फळ्यांना पाठ लावून एक म्हातारा बसला होता. दामूकाका. मिठाने फुटलेले पाय, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. कित्येक वर्षं तो असाच बसून होता. तो उठला असता तर गाव बुडालं असतं. आणि गाव त्याला विसरून गेलं होतं.

"आता काय करशील?" चारूने विचारलं.

तिच्या मनात होतं की मी सुतार शोधायला जाईन, रानातून लाकूड आणीन. तिने तशी तयारी केली होती. पण मी महिनाभर बसून होते. बसलेल्या माणसाला काय हवं असतं, ते मला पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, "काका, तुम्ही उठा. मी बसते."

मग आजीच्या आवाजात, तोंडातल्या तोंडात, दामूकाका म्हणाला, "जेवून येतू गो पोरी. तवर धरून ठेव." आणि तो बांधावरून अंधारात चालत गेला. चारूने हातातला कागद खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "हे मी लिहिलं नव्हतं."

तिथे खेळ संपला. पुढे प्लास्टर निघालं, माझं लग्न झालं, चारू ठाण्याला राहायला गेली. आमच्यात एक विनोद मात्र राहिला. कुणी वेळेवर आलं नाही की आम्ही म्हणायचो, "जेवायला गेलाय." पण ते "हे मी लिहिलं नव्हतं" मी कुणाला सांगितलं नाही. मला आयुष्यात बक्षीस असं फारसं मिळालेलं नाही. हे एक होतं आणि ते माझं एकटीचं होतं.

मागच्या वर्षी एप्रिल संपता संपता तिचा फोन आला. "मी परत काढतेय आपली उघाडी."

त्या "आपली"ने मी विरघळले. मग कळलं की तिच्या ऑफिसात केतकी नावाची एक मुलगी आलीये, तिला या खेळाचं भारी वेड आहे, आणि ती चारूच्या मागेच लागलीये. "दोघींत मजा नाही गं, तिघं तरी हवेत. तू ये ना. सुहासलाही आण. पण तुला सगळं माहितीये, तेवढं गप्प बसशील ना?"

"बसेन की," मी म्हटलं. बसण्याचा मला अनुभव होताच.

सुहास म्हणजे माझा नवरा. इथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. त्याला खेळ समजावून सांगितल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "जेवण आहे ना?" हा असंच काहीतरी विचारणार हे मला तो तोंड उघडायच्या आधीच माहीत होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली की नवरा हा आधी खेळून झालेला खेळच असतो. कुठे वळणार, कुठे अडणार, कुठे चहा मागणार, सगळं पाठ.

रविवारी सकाळी आम्ही निघायचो. शीळफाट्याला गाडी अडकायची, काचेला भेळेची पाकिटं लागायची, सुहास एसी बंद करून पेट्रोल वाचवायचा. चारूचं घर घोडबंदर रोडला, अठराव्या मजल्यावर. खिडकीतून खाली खाडी दिसते, आणि इतक्या वरून ती अगदी सभ्य दिसते. गुळगुळीत मोठं टेबल, गार खोली, आणि टेबलावर केतकीने आणलेले फासे. काचेसारखे, निळे-जांभळे, आत चमकी. वीस-वीस बाजूंचे. माझ्या पर्समध्ये एका रुमालात जुने चिंचोके होते. मी ते इतकी वर्षं जपले होते. चारू म्हणेल, "ते आहेत का गं अजून?" म्हणून मी घेऊन गेले होते. तिने विचारलं नाही.

केतकी पंचवीस-सव्वीसची. मला पहिल्या मिनिटापासून "मंजूताई" आणि चारूला नुसतं "चारू". आम्ही दोघी एका वयाच्या, हे तिच्या लक्षातच आलं नाही, किंवा आलं असेल तर आणखी वाईट.

पण खरं सांगायचं तर तिचं "चारू" मला इतकं झोंबलं नाही. झोंबला तो तिचा चेहरा. विहिरीचं पाणी खारट लागतंय हे चारूने सांगितलं, तेव्हा ती पुढे झुकली आणि तिचे डोळे मोठे झाले. तिला पुढचं माहीत नव्हतं! मला सगळं माहीत होतं. बांध कुठे, दिवा कुठे, कुठल्या वळणावर चिखल आहे. मी तिथे भूत होऊन बसले होते आणि ती जिवंत होती. पैसे टाकून पुस्तक मिळतं, फासे मिळतात, खाडीच्या दृश्याचा फ्लॅट मिळतो. पण एकदा ऐकलेली गोष्ट पुन्हा न ऐकलेली करून देणारं दुकान ठाण्यात नाही आणि डोंबिवलीत तर नाहीच नाही. तिला ते फुकट मिळालेलं, आणि आपल्याला काय मिळालंय याचा तिला पत्ताही नव्हता.

वर ती हुशार निघाली. गावात शिरल्या शिरल्या म्हणाली, "मी बांधाजवळचं गवत चाखून बघते." मला हे तेव्हा सुचलं नव्हतं. चारू खूश होऊन हसली, आणि मी टेबलाखाली पदराचं टोक पिळत बसले.

मग माझ्याकडून ती चूक झाली. चारू सांगत होती, "संध्याकाळ झालीये. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारा जेवतोय. सुकट, भात. मिठाने फुटलेले पाय. डाव्या हाताची दोन बोटं..."

"दामूकाका!" मी ओरडले.

केतकी म्हणाली, "कोण दामूकाका?"

"त्यांनी अजून नाव सांगितलं नाहीये," चारू हळूच म्हणाली. माझ्याकडे न बघता.

माझे कान तापले. या खेळात याहून वाईट काही नसतं. माहीत असलेल्याने सगळ्यांसमोर नाव फोडायचं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं.

"हिला घरीपण सगळं आधीच कळतं," सुहास म्हणाला. "मी सिगरेट ओढून आलेलो पण जिन्यातच कळतं हिला." केतकी खळखळून हसली आणि वेळ निभावली.

परत येताना मी धुमसत होते. नाव फुटल्याचं दुःख होतंच, पण खरा राग वेगळा होता. दामूकाका ओट्यावर काय करत होता? त्याची जागा उघाडीवर. म्हणजे चारूने गोष्ट बदलली. केतकीसाठी बदलली. माझ्या म्हाताऱ्याला उचलून गावात आणून बसवला, म्हणजे बाईसाहेबांना सोपं जाईल. आता वाटतं, त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. पण जळफळाटात साधी गोष्टही दिसत नाही.

"तिने बदललंय सगळं," मी सुहासला म्हटलं.

"मग बरंय ना. आता तुलापण माहीत नाही पुढचं."

"तुला कळत नाही रे."

"ते आहेच," तो म्हणाला आणि हॉर्न वाजवला.

पुढच्या रविवारी पोचल्या पोचल्या घाम पुसायला पर्समधून रुमाल काढला तर चिंचोके टेबलावर सांडले. केतकीने एक उचलला, बोटांनी घासून बघितला. "किती गोड आहेत! कसले हे, मंजूताई?"

"चिंचोके. भाजून खातात," मी म्हटलं आणि सगळे गोळा करून आत टाकले. चारूने मान वर करून बघितलं आणि पुन्हा कागदात घातली. ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

शेवटच्या रविवारी आम्ही बांधावर पोचलो. खरं तर मी मनात देवाला साकडं घातलं होतं की केतकीने तिथे मारामारी करावी. तलवार काढावी, फासा टाकावा, हरावं. काहीही करावं, पण ते एक वाक्य तिच्या तोंडी येऊ नये. ते आलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं? जे कुणालाही सुचतं तेच मला सुचलं होतं, एवढंच.

चारूने आवाज खाली आणला. "दिवा दिसतोय. उघाडीच्या फळ्यांना पाठ लावून कुणीतरी बसलंय. एक बाई आहे. उजवा पाय लांब केलेला. तो दुमडत नाहीये तिला."

मी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मग चारूकडे. ती माझ्याकडेच बघत होती, या वेळी नजर न चुकवता.

दामूकाका जेवायला गेला होता. तो घरी, ओट्यावर, सुकट-भात खात होता, कारण त्याच्या जागी कुणीतरी बसलं होतं. चारूने काहीही बदललं नव्हतं. तिने मला इतकी वर्षं तिथेच ठेवलं होतं.

"तुम्ही कधीपासून बसलाय इथे?" केतकीने त्या बाईला विचारलं. आम्ही सगळे उत्तरासाठी चारूकडे बघायला लागलो. चारूने पेन खाली ठेवलं. "हिचं मी नाही बोलणार. हिचं मंजू बोलेल."

मला सगळं माहीत होतं ना? हे मात्र माहीत नव्हतं. खाली खाडीला ओहोटी होती. शेवटी म्हटलं, "बरीच वर्षं झाली. एकजण जेवायला गेलाय. तो आला की उठेन."

केतकीचे डोळे भरून आले. तिचा फाशाकडे गेलेला हात मागे आला. ती म्हणाली, "तुम्ही उठा ना. मी बसते."

आलंच ते. जसंच्या तसं. दुसऱ्याच क्षणी मी म्हणाले, "नको. मला सवय आहे."

"अहो, पण..."

"नको म्हटलं ना!"

हा खेळ आहे हे मला कळत होतं. मी गार खोलीत, गादीच्या खुर्चीत बसले होते. तरी ती फळी मी केतकीच्या हातात देणार नव्हते. पाय कुजला असता तरी चाललं असतं. केतकीने गोंधळून चारूकडे बघितलं.

"एक मिनिट," सुहास म्हणाला. तो इतका वेळ शेंगदाणे खात होता. "एकाच माणसाने कशाला बसायचं कायमचं? शिफ्ट लावा ना."

"काय?"

"अगं, आमच्याकडे बॉयलर काय एकच माणूस बघतो काय? तीन पाळ्या. रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. बरोबर. पण रिलिव्हर आला की थांबायचंपण नाही. कार्ड पंच करायचं, घरी जायचं. उगाच थांबला कोण तर सुपरवायझर झापतो." त्याने हात झटकले, शेंगदाण्यांची फोलपटं बाजूला सारली आणि चारूने कागदावर काढलेल्या उघाडीवर डावा तळवा दाबून ठेवला. "पहिली माझी. दुसरी केतकीची. तो काका जेवून उठला की तिसरी त्याची. चल, सरक."

सोफ्यावर म्हणतो तसं. "सरक."

चारू त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून अगदी हळू निघालं, "हे मी लिहिलं नव्हतं."

ऐकलं मी. त्याला म्हणाली. केतकीला नाही, माझ्या नवऱ्याला. शेंगदाणे खाणाऱ्या, पाठ असलेल्या माझ्या नवऱ्याला! आणि त्याला त्या वाक्याची किंमतसुद्धा कळली नाही. त्याने नुसतं विचारलं, "म्हणजे चालेल ना?"

"चालेल," चारू म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "ती बाई आता काय करेल, मंजू?"

मी खरंच खुर्चीतून उठले. गुडघा कटकन वाजला. "जेवून येते," मी म्हटलं. "तोवर धरा."

मग आम्ही जेवलोच. चारूने आमरस केला होता, केतकीने पोळ्या वाढल्या. कागद, फासे सगळं बाजूला झालं, पण उघाडीचा कागद तसाच टेबलाच्या कोपऱ्यावर राहिला. कारण सुहासचा डावा हात त्याच्यावर होता. आधी मला वाटलं तो विसरलाय. तो उजव्या हाताने पोळी तोडत होता, रस घेत होता, केतकीला कारखान्यातले किस्से सांगत होता, आणि डावा तळवा हलवत नव्हता. चारूने लोणच्याची बरणी पुढे केली, ती त्याला एका हाताने उघडेना. त्याने ती केतकीकडे सरकवली. हात उचलला नाही.

इतकी वर्षं ज्याचं पुढचं वाक्य मला आधी ठाऊक असतं, त्या माणसाचा मला हेवा वाटला. असा वाटला की हातातला घास मी ताटात परत ठेवला. तो पहिल्यांदा खेळत होता.

"अरे, हात काढ की आता," मी म्हटलं.

"रिलिव्हर कुठाय?" तो म्हणाला. "तू जेव सावकाश."

मी वाटी पुढे केली आणि आणखी रस मागितला.